‘इम्युनिटी बूस्टर’कडे पुरावा मागायला हवा

१३ मार्च २००६ रोजी लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात आठ धडधाकट तरुणांवर एका नव्या औषधाची चाचणी झाली. पहिल्या टप्प्याची, म्हणजे माणसाच्या शरीरात ते औषध पहिल्यांदाच जाणार होतं. दोघांना औषधाऐवजी नुसतं सलाइन मिळालं, सहा जणांना शिरेतून टीजीएन-१४१२ दिलं गेलं. हे औषध टी पेशींना, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, थेट चेतवणारं होतं. बनवणाऱ्या जर्मन कंपनीचा हिशेब असा होता की प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या टी पेशी त्यामुळे वाढतील आणि संधिवातासारख्या दुखण्यांत आराम पडेल. प्रत्यक्षात सगळ्याच टी पेशी एकदम उठल्या. दीड तासाच्या आत डोकं ठणकायला लागलं, पाठ भरून आली, हुडहुडी भरली. काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात होते आणि एकेक अवयव बंद पडत चालला होता. डॉक्टरांनी सगळ्यांना वाचवलं, पण एकाला पायाची बोटं आणि हाताच्या बोटांची टोकं गमवावी लागली. डोस प्राण्यांमध्ये सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्शाइतका होता.

प्रतिकारशक्ती अक्षरशः ‘बूस्ट’ झालेली माणसं कशी दिसतात, हे त्या रात्री लंडनच्या डॉक्टरांनी पाहिलं.

आपल्याकडे मात्र हाच शब्द मेडिकलच्या काउंटरवर, किराणा दुकानात, शाळेबाहेरच्या फलकावर मोकाट फिरतो. च्यवनप्राश, काढ्याच्या पुड्या, गुळवेलीच्या गोळ्या, झिंक आणि व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्या, मुलांच्या दुधात घालायची पावडर. करोनाच्या वर्षात ही यादी मिठाई आणि आइस्क्रीमपर्यंत पोचली होती. यातला एखादा डबा हातात घेऊन उलटून पाहा. पुढे ढालीचं चित्र आणि ठळक अक्षरात ‘इम्युनिटी’. शब्दाच्या डोक्यावर एक बारीक चांदणी. तिचा माग काढत मागच्या बाजूला गेलं की भिंग लागेल अशा अक्षरांत लिहिलेलं असतं: घटकद्रव्यांच्या पारंपरिक उपयोगावर आधारित. म्हणजे त्या डब्यातल्या मालावर चाचणी झालेलीच नसते. कोणत्या रोगाविरुद्ध, कोणाची, किती प्रतिकारशक्ती वाढते, यावर अवाक्षर नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ हा औषधी दावा आहे आणि कायद्याने तो तसाच धरला पाहिजे. पुरावा असेल तर छापा, नसेल तर शब्द काढा. माल आयुर्वेदिक असो, होमिओपॅथिक असो की बहुराष्ट्रीय कंपनीची व्हिटॅमिनची गोळी, नियम एकच. हे म्हणताना मी परंपरा विरुद्ध विज्ञान या जुन्या आखाड्यात उतरत नाहीये. माझा मुद्दा गेल्या पाच दशकांत पेशींच्या मरणाबद्दल जे कळलंय त्यातून निघतो, आणि ते कळलेलं आपल्या सार्वजनिक बोलण्यात अजून उतरलेलंच नाही.

आपल्या शरीरात दररोज हजारो कोटी पेशी मरतात. बहुतेक ठरवून मरतात. पेशीच्या आतच एक कार्यक्रम लिहिलेला असतो. तो सुरू झाला की ती आक्रसते, तिचा डीएनए कापला जातो, लहान लहान पुरचुंड्या होतात आणि शेजारच्या पेशी त्या गिळून टाकतात. कुठे सूज नाही, ताप नाही. १९७२ मध्ये कर, वायली आणि करी या तिघांनी या मरणाचं नीट वर्णन करून त्याला अॅपॉप्टोसिस असं नाव दिलं. त्यामागची जनुकं सापडली ती एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत. त्याच्या वाढीत १,०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या १३१ दर वेळी, त्याच जागी, त्याच वेळी मरतात. सिडनी ब्रेनर, जॉन सल्स्टन आणि रॉबर्ट हॉर्विट्झ यांना या कृमीवरच्या कामासाठी २००२ चं नोबेल मिळालं.

प्रतिकारयंत्रणेत हे मरण फार मोठ्या प्रमाणावर चालतं. छातीतल्या थायमस ग्रंथीत टी पेशी घडतात आणि तिथेच त्यांची परीक्षा होते. स्वतःच्याच शरीरावर उठतील अशा पेशी तिथे मारल्या जातात, निरुपयोगी पेशीही मारल्या जातात. शंभरातल्या चार-पाच जेमतेम बाहेर पडतात. पुढे एखादा विषाणू शिरला की त्याला ओळखणाऱ्या मूठभर टी पेशी काही दिवसांत हजारो पटींनी वाढतात. विषाणू संपतो. मग या फौजेतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त पेशी मरून जातात आणि थोड्या आठवण म्हणून मागे राहतात. विसर्जनाच्या दिवशी लावलेला बंदोबस्त दुसऱ्या दिवशी उठलाच नाही, राज्य राखीव दलाच्या तुकड्या चौकाचौकात महिनोन्‌महिने तशाच राहिल्या, तर त्या गावाला सुरक्षित कोण म्हणेल?

हा नुसता कल्पनाविलास नाही, असा आजारच आहे. काही मुलांच्या मानेत, काखेत, जांघेत लसीका गाठी लिंबाएवढ्या सुजतात आणि वर्षानुवर्षं तशाच राहतात. प्लीहा वाढून पोटाला हात लावला की लागते. कर्करोगाची शंका येते, गाठीचा तुकडा तपासायला जातो आणि उत्तर येतं, कर्करोग नाही. १९९५ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधल्या दोन गटांनी कारण शोधलं. या मुलांच्या पांढऱ्या पेशींवर फास नावाचं एक प्रथिन असतं. त्यावर निरोप आला की पेशीने मरायचं. या मुलांमध्ये फासचं जनुकच बिघडलेलं असतं. निरोप येतो, पेशी मरत नाही. काम संपलेल्या पेशी साठत जातात आणि पुढे काही मुलांत त्या स्वतःच्याच तांबड्या पेशी आणि प्लेटलेट मारायला लागतात. पुढच्या आयुष्यात लिम्फोमाचा धोकाही वाढतो. जाहिरातीच्या भाषेत सांगायचं तर या मुलांची इम्युनिटी भरपूर आहे. त्यांच्यावर उपचार करताना डॉक्टर ती खाली आणायच्या मागे असतात.

पेशीचं मरण असं गुपचूपच होतं असंही नाही. १९९३ मध्ये एक विलक्षण योगायोग पुढे आला. कृमीतल्या मारेकरी जनुकाचं नातेवाईक माणसात कोण म्हणून शोध घेतला, तर ते निघालं इंटरल्युकिन-१ तयार करणारं विकर. इंटरल्युकिन-१ म्हणजे ताप आणि दाह पेटवणारा रेणू. मरणाची यंत्रणा आणि धोक्याची वर्दी देणारी यंत्रणा एकाच घराण्यातल्या निघाल्या. पुढच्या वीस-बावीस वर्षांत चित्र भरत गेलं. जिवाणू आत शिरला की काही पेशी मुद्दाम फुटून मरतात. २०१५-१६ मध्ये कळलं की गॅसडर्मिन-डी नावाचं प्रथिन त्यांच्या पापुद्र्याला आतून भोकं पाडतं. त्यातून इंटरल्युकिन-१ बाहेर सांडतं आणि आजूबाजूला सगळ्यांना खबर लागते. ही वर्दी वेळेवर दिली तर जीव वाचतो. तिचा खटका जन्मतःच सैल असेल तर काय होतं तेही माहीत आहे: एनएलआरपी३ या जनुकात ठरावीक दोष असलेल्या माणसांना नुसत्या थंड हवेने ताप भरतो, अंगावर चट्टे उठतात, सांधे धरतात. संसर्ग कसलाच नसतो. इंटरल्युकिन-१ अडवणारं इंजेक्शन दिलं की बरं वाटतं.

म्हणजे ‘वाढवते’ म्हणताना नेमकं काय वाढवणार? मरायला नकार देणाऱ्या पेशी, फुटून मरणाऱ्या पेशी, की इंटरल्युकिन-१?

क्षयाचं उदाहरण यापेक्षा बोलकं आहे, आणि जगातल्या क्षयरुग्णांपैकी चौथा हिस्सा आपल्या देशात असल्यामुळे ते आपलंच आहे. टीएनएफ नावाचा एक रेणू क्षयाच्या जंतूंना फुप्फुसातल्या गाठींत कोंडून ठेवायला मदत करतो. संधिवातासाठी हाच रेणू अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब हे औषध आलं आणि २००१ मध्ये एका शोधनिबंधात ७० रुग्णांची नोंद झाली: औषध सुरू केल्यावर त्यांचा क्षय उफाळला होता. म्हणूनच आज आपल्याकडे हे औषध सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी करतात. इथवर ऐकून कोणीही म्हणेल, मग टीएनएफ जास्त असलेला बरा. बडोद्याच्या मेडिकल कॉलेजात शिकलेल्या ललिता रामकृष्णन यांनी झेब्राफिशच्या पारदर्शक पिल्लांत हेच तपासलं. (झेब्राफिश मूळची आपल्याच नद्या-ओढ्यांतली. आता जगभरच्या प्रयोगशाळा या छोट्या माशावर चालतात.) टीएनएफ कमी पडला तर जंतू वाढतात, हे दिसलंच. पण तो प्रमाणाबाहेर झाला तर? जंतू गिळून बसलेल्या भक्षक पेशींच्या आत इतकी रासायनिक धग तयार होते की त्या फुटतात. आतले काही जंतू मरतात, उरलेले मोकळे होतात आणि बाहेर जोमाने वाढतात. २०१३ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. कमी झालं तरी रोगाचा फायदा, जास्त झालं तरी रोगाचाच. अशा यंत्रणेला ‘अमुक चमचे घ्या आणि वाढवा’ हा सल्ला कसा लागू पडणार, हे मला कोणी तरी समजावून सांगावं.

करोनात हा धडा आपल्या घराघरांत गिरवला गेला, तरी उलटाच वाचला गेला. १६ जून २०२० रोजी ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीचा निष्कर्ष जाहीर झाला. डेक्सामेथासोन हे स्वस्तातलं, जुनं, प्रतिकारयंत्रणा दाबणारं स्टेरॉइड दिल्यावर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतला मृत्युदर ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आला. ज्यांना ऑक्सिजनचीही गरज नव्हती त्यांना मात्र काडीचा फायदा झाला नाही, उलट आकडे थोडे वाईटाकडेच झुकले. आजाराच्या कोणत्या दिवशी काय दाबायचं आणि काय सोडायचं, एवढ्यावर जीव अवलंबून होता. त्याच काळातलं आपल्याकडचं कोणतंही प्रिस्क्रिप्शन काढून पाहा. व्हिटॅमिन सी, झिंक, व्हिटॅमिन डी ‘इम्युनिटीसाठी’, आणि त्याखालीच स्टेरॉइड, अनेकदा ऑक्सिजन ९७ असताना, नुसत्या सीटीच्या स्कोअरवर. वाढवायचं आणि दाबायचं औषध एकाच कागदावर! झिंक आणि व्हिटॅमिन सीची मोठ्या डोसमधली चाचणी अमेरिकेत २१४ रुग्णांवर झाली. फरक दिसण्याची आशा नाही म्हणून ती मध्येच थांबवली. स्टेरॉइडचा वारेमाप वापर आणि हाताबाहेर गेलेली शुगर यांनी काय केलं हे २०२१ च्या उन्हाळ्यात दिसलं. काळ्या बुरशीने महाराष्ट्रात हजारो माणसं गाठली, कित्येकांचे डोळे आणि जबडे काढावे लागले. तोवर गावोगाव ‘इम्युनिटी’साठी म्हणून आर्सेनिकम अल्बम या होमिओपॅथिक औषधाच्या गोळ्या वाटून झाल्या होत्या.

‘फायदा नसला तरी तोटा काय?’ हा प्रश्न इथे हटकून येतो. आजीच्या हातचा काढा, सर्दीत हळदीचं दूध. घसा शेकतो, बरं वाटतं, कोणाची काही हरकत असण्याचं कारण नाही. रोज, महिनोन्‌महिने, डोस वाढवत घेतलेल्या गोळीची गोष्ट वेगळी. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे कावीळ झालेले सहा रुग्ण आले. सगळे गुळवेल घेत होते. त्यांच्या यकृतावरची इजा ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारयंत्रणेने यकृतावर हल्ला केल्यासारखी दिसत होती. आधीपासून दबून असलेला असा आजार गुळवेलीने वर आणला असावा, असा त्यांचा अंदाज. आयुष मंत्रालयाने लगेच हरकत घेतली: वनस्पतीची नीट ओळख पटवलेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. हरकत रास्तच होती. पण मग देशातल्या १३ केंद्रांतून असेच ४३ रुग्ण नोंदवले गेले. लाखो लोक गुळवेल घेत असताना हा आकडा किरकोळ आहे, असं कोणी म्हणेल. असेलही. पण किती लोक घेतात, किती दिवस घेतात, किती जणांना कावीळ होते, ही मोजदाद करणारी यंत्रणाच आपल्याकडे धड नाही. मोजलंच नाही तर किरकोळ की गंभीर हे ठरवायचं कशावरून? आणि वेल दुसरीच होती असं गृहीत धरलं, तर बाजारात गुळवेल म्हणून भलतंच विकलं जातंय ही तक्रार आणखी मोठी आहे.

एका आक्षेपाला मात्र मी मान देतो. प्रतिकारशक्ती वाढवताच येत नाही, असं म्हणणं चूक आहे. लस तेच करते: एका रोगाविरुद्ध, मोजून, चाचणीनंतर. कुपोषित मुलाला पोटभर खायला मिळालं, अ जीवनसत्त्वाची कमतरता भरून निघाली की त्याची प्रतिकारशक्ती सुधारते, यात शंका नाही. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि सूक्ष्मपोषकांच्या गोळ्या दिल्या गेल्या. अनुराग आणि माधवी भार्गव यांच्या गटाने १०,३४५ माणसांवर नजर ठेवली आणि २०२३ मध्ये निष्कर्ष छापला: शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी. या देशात इम्युनिटी बूस्टर म्हणावं असं काही असेल तर तो हा तांदूळ आणि ही डाळ. तिच्यावर चांदणी छापावी लागत नाही. ज्याच्या ताटात आधीच सगळं आहे त्याने झिंकची गोळी घेतल्याने त्याची प्रतिकारशक्ती सामान्याच्या वर चढते, याला मात्र आधार नाही. आणि डबे विकत घेणारा वर्ग नेमका हाच आहे.

आता कायद्याकडे. १९५४ चा औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा ठरावीक आजारांच्या नावाने जाहिरात करू देत नाही. यादीत मधुमेह आहे, कर्करोग आहे, क्षय आहे. ‘प्रतिकारशक्ती’ हा काही आजार नव्हे, त्यामुळे ती यादीत नाही आणि पळवाट तिथेच आहे. क्षय बरा करतो म्हटलं तर गुन्हा, क्षयाशी लढणारी शक्ती वाढवतो म्हटलं तर चालतं. २०१८ मध्ये औषध नियमावलीत १७० वा नियम आला: आयुर्वेद, सिद्ध, युनानी औषधांची जाहिरात करण्याआधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची मंजुरी आणि क्रमांक घ्यायचा. नियम फार कडक होता असं नाही, निदान कोणी तरी आधी वाचणार होतं. १ जुलै २०२४ ला केंद्राने तो काढूनच टाकला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये प्रकरण निकाली काढताना स्थगितीही उठली. म्हणजे आज ती पूर्वमंजुरीसुद्धा नाही. जाहिरात आधी, तक्रार नंतर, कारवाई झालीच तर त्याच्याही नंतर. तोवर पुढचा पावसाळा येतो आणि नवा डबा.

पूर्वमंजुरीने सगळं सुटेल असं मी मानत नाही. परवाना देणारं आणि जाहिरात तपासणारं खातं एकच असलं की काय होतं, हे आपण पाहत आलोय. मला हवंय ते यापेक्षा सोपं आहे. ‘इम्युनिटी’ हा शब्द पुढच्या बाजूला छापायचा असेल तर त्याच बाजूला, त्याच आकाराच्या अक्षरांत तीन गोष्टी छापा: कोणत्या रोगावर, किती माणसांवर चाचणी झाली, किती फरक पडला. चाचणी त्या डब्यातल्या मालावर झालेली असावी, त्यातल्या एखाद्या घटकद्रव्यावर नव्हे. छापता येत नसेल तर ‘चविष्ट’ म्हणा, ‘पौष्टिक’ म्हणा, कोणाची ना नाही. त्याचबरोबर अन्न व औषध प्रशासनाने यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडून अशा मालाच्या दुष्परिणामांची नोंद सक्तीने घ्यावी आणि दर वर्षी ती लोकांपुढे ठेवावी.

उद्योगवाले म्हणतील, एवढी चाचणी आम्हाला परवडत नाही. पण कठीण काम करून दाखवणारे आपल्याकडेच आहेत. पवईच्या आयआयटीने आणि टाटा मेमोरियलने मिळून रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढून, त्यांत जनुक घालून, रक्ताच्या कर्करोगावर सोडायची उपचारपद्धती उभी केली. या पेशी कर्करोगाच्या पेशीला चिकटतात आणि तिच्यातलाच मरणाचा कार्यक्रम चालू करतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली, ती रुग्णांवरच्या चाचण्यांचे आकडे सादर केल्यावर. पेशी सोडल्यावर रुग्णाला लगेच घरी पाठवत नाहीत. ताप, रक्तदाब, ऑक्सिजन सतत पाहिला जातो, कारण चेतलेल्या टी पेशी काय करू शकतात हे लंडनच्या त्या सहा जणांपासून सगळ्यांना ठाऊक आहे. दाह आवरणारं इंजेक्शन वॉर्डात तयार ठेवलेलं असतं.